भुसावळ ते भायखळा : मर्ल ओबेरॉनच्या लपवलेल्या जन्माच्या वाटेने

मुंबईहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग भुसावळला पोहोचल्यावर दोन वाटांनी फुटतो. एक वाट खंडवा-इटारसीवरून जबलपूर-प्रयागकडे जाते आणि दुसरी अकोला-नागपूरवरून बंगालकडे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातल्या ‘जीआयपी’ने, १८६५ साली थळ घाटातून सह्याद्री ओलांडला, १८६७ साली नागपूर गाठले आणि १८७० साली जबलपूरला आपले रूळ ईस्ट इंडियन रेल्वेच्या रुळांना जोडले, तेव्हापासून तापीकाठचे हे गाव मुंबई आणि कलकत्ता या दोन महानगरांच्या दरम्यानचा मोठा मुक्काम बनले. इंजिने येथे बदलत, गार्ड आणि ड्रायव्हर येथे उतरत, प्रवासी येथे चहा-पाणी करत, आणि रेल्वेची नोकरी हेच ज्यांचे कुळ आणि हीच ज्यांची जमीन होती अशी शेकडो घरे येथे वसली.

१९१७ साली शार्लट सेल्बी नावाची एक स्त्री सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबईहून कलकत्त्याला राहायला गेली. मुलीचे कागदोपत्री नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन होते आणि घरातले नाव क्वीनी. पुढे हॉलिवूडने तिला मर्ल ओबेरॉन म्हणून डोक्यावर घेतले. ‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्कर नामांकनात तिचे नाव आले, १९३९ च्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर तिने कॅथीची भूमिका केली, आणि या साऱ्या काळात ती जगाला सांगत राहिली की तिचा जन्म ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर झाला. प्रत्यक्षात ती १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत जन्मली होती, आणि तिचे वडील म्हणून ज्यांचे नाव लागले ते आर्थर थॉम्पसन हे इंग्लंडातील डार्लिंग्टनहून आलेले, भारतातील रेल्वेत काम करणारे यंत्र अभियंता होते. त्या मायलेकी जीआयपीच्या गाडीने गेल्या असतील तर दोन्हींपैकी कोणत्याही वाटेने त्यांना भुसावळ लागले असणार. परंतु तिच्या वाटेच्या उलट दिशेने, भुसावळहून मुंबईकडे, जाण्याचे खरे प्रयोजन तेवढेच नाही. ज्या समाजात ती जन्मली आणि ज्याची प्रत्येक खूण तिने पुसली, त्या रेल्वेच्या समाजाची घडण भुसावळमध्ये अजून रस्त्यांवर आणि घरांच्या रचनेत वाचता येते.

स्थानकाबाहेर पडल्यावर बाजाराच्या गर्दीकडे न वळता रेल्वेच्या वसाहतीकडे चालू लागले की गावाचा नूर बदलतो. बाजारात दुकानाला दुकान खेटून उभे असते, केळ्यांच्या गाड्या, वेफर्सच्या कढया आणि लेवा गणबोलीतला मोठ्या आवाजातला व्यवहार एकमेकांत मिसळलेला असतो. वसाहतीत मात्र रस्ते सरळ आणि रुंद आहेत, कडुनिंबांची सावली दाट आहे, आणि प्रत्येक घर रस्त्यापासून काही अंतर राखून मागे सरलेले आहे. ‘बारा बंगला’, ‘पंधरा बंगला’ ही वस्त्यांची नावे आजही रिक्षावाल्याला सांगावी लागतात. बंगल्याच्या पुढे खोल ओटी असते, तिच्यावर उतरते कौलारू छप्पर असते, दारे इतकी उंच असतात की त्यांवरच्या झरोक्यातून उन्हाळ्यातली गरम हवा बाहेर पडावी. स्वयंपाकघर मात्र मूळ घरापासून तोडून मागच्या अंगणात ठेवलेले असते आणि त्याला लागून नोकरांच्या खोल्या असतात. खानदेशी वाड्यात चूल घराच्या पोटात असते आणि पाहुण्याला तिच्या उबेपर्यंत जाता येते. बंगल्यात चूल आणि चूल सांभाळणारी माणसे दोन्ही दृष्टीआड केलेली असतात, आणि हा फरक केवळ धुराच्या सोयीचा नव्हता.

वसाहतीची रचना पगाराच्या पायऱ्यांप्रमाणे उतरत जाते: अधिकाऱ्यांचे बंगले, त्यांच्या खाली ड्रायव्हर-गार्डांची क्वार्टर्स, आणि शेवटी खलाशी-गँगमन यांच्या चाळी. ब्रिटिश काळात ही उतरंड पगाराइतकीच वर्णाची होती. वरच्या जागा विलायतेहून आलेल्या गोऱ्यांसाठी असत. इंजिन हाकणे, गाडी सांभाळणे, तारायंत्र चालवणे, तिकिटे तपासणे ही मधली कामे मोठ्या प्रमाणावर अँग्लो-इंडियन लोकांकडे असत. आणि अंगमेहनतीची कामे हिंदी माणसांकडे. ‘इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखली जाणारी रेल्वे कर्मचाऱ्यांची करमणूकगृहे त्या काळी अनेक ठिकाणी गोऱ्यांची वेगळी आणि हिंदी नोकरांची वेगळी अशी होती. तेथे लाकडी फरशीवर नाताळचे नृत्य होई, पत्त्यांचे डाव आणि बिलियर्डचे खेळ चालत, हाऊसीचे आकडे पुकारले जात. भुसावळचा लिंपस क्लब हे नाव त्या जगाची आठवण म्हणून गावात अजून रुळलेले आहे, जरी ते उच्चारणाऱ्या बहुतेकांना त्या नावामागचा साहेब आता आठवत नसला तरी.

‘अँग्लो-इंडियन’ या संज्ञेचा अर्थ येथेच स्पष्ट केला पाहिजे, कारण मर्लच्या साऱ्या गुपिताची किल्ली तिच्यात आहे. एकोणिसाव्या शतकात हा शब्द हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांसाठी वापरला जाई आणि मिश्र वंशाच्या लोकांना ‘युरेशियन’ म्हणत. १९११ च्या जनगणनेत सरकारने मिश्र वंशाच्या लोकांसाठी ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव अधिकृत केले, म्हणजे मर्ल ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षी तिच्या समाजाचेही कागदोपत्री बारसे झाले. पुढे १९३५ च्या कायद्याने आणि नंतर भारतीय संविधानाच्या ३६६ व्या अनुच्छेदाने व्याख्या अशी ठरवली की ज्याचा पिता किंवा पितृवंशातील कोणताही पूर्वज युरोपीय असेल आणि जो भारतात स्थायिक झालेल्या आई-वडिलांच्या पोटी येथेच जन्मला असेल तो अँग्लो-इंडियन. आईच्या बाजूचे रक्त व्याख्येत मोजलेच गेले नाही. व्याख्येच्या बाहेर, रोजच्या व्यवहारात, मात्र तेच रक्त सर्वांत बारकाईने मोजले जाई. ‘डोमिसाइल्ड युरोपियन’, म्हणजे पूर्णतः युरोपीय वंशाचा परंतु येथेच राहून गेलेला, असा एक वेगळा वर्ग होता, आणि ज्यांचा रंग साथ देई असे अनेक जण स्वतःला त्या वर्गात घालून घेत, कारण त्याने बढती, शाळा आणि सोयरीक बदलत असे. सावळ्या आजीचा उल्लेख टाळणे, पोर्तुगीज किंवा स्पॅनिश पूर्वजाचा दाखला देणे, उन्हात न जाणे ही एका घराची नव्हे तर एका समाजाची सवय बनलेली होती. मर्लने हॉलिवूडमध्ये जे केले ते तिने हॉलिवूडमध्ये शिकले नव्हते.

डिसेंबरातले भुसावळ या इतिहासाची दुसरी, अधिक मोकळी बाजूही दाखवते. नाताळच्या आधी ख्रिस्ती घरांच्या ओटीवर कागदी चांदण्या लागतात, कलकल आणि रोझ कुकीज तळल्या जातात. कलकल म्हणजे नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाच्या, काट्यावर वळून खोबणी पाडलेल्या गोड शंखाकृती गोळ्या. पिवळा नारळीभात आणि खिम्याच्या गोळ्यांची ‘बॉल करी’, मिरे घातलेले पातळ ‘पेपर वॉटर’, रेल्वेच्या भोजनगृहांतून घरात आलेली मटणाची सौम्य करी, हे या समाजाचे पदार्थ. त्यांत विलायत जेवढी आहे तेवढाच मद्रास आणि बंगालही आहे. जीभ मिश्रण लपवत नाही. याच दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाला भरताचा हंगाम रंगात आलेला असतो. बामणोदकडची हिरवी, पांढुरक्या रेषांची मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर टाकली जातात, साल काळी पडून फुटली की सोललेला गर लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचला जातो, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेली तेलाची फोडणी पडते, आणि ते भरीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाच्या, भाकरीबरोबर शेतातच पंगत मांडून खाल्ले जाते. खानदेशी यजमान पाहुण्याच्या ताटावर आडवा हात येईपर्यंत वाढत राहतो, आणि तो हात आला तरी एकदा वाढतोच. वसाहतीतल्या टेबलावर आग्रह नव्हता, रीत होती. काटा कोणत्या हातात धरावा यावरून माणसाची जात ठरवणारी रीत.

या ठिकाणी खानदेशाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. गोरेपणाचा सोस साहेबाने आणला असे म्हणणे सोपे आहे; परंतु लग्नाच्या बैठकीत मुलीचा रंग अजूनही तिच्या शिक्षणाआधी विचारला जातो, वधू-वर सूचीत ‘गोरी’, ‘निमगोरी’ असे रकाने भरले जातात आणि सावळ्या मुलीचा फोटो उजळ करून घेण्यासाठी स्टुडिओवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही. मर्ल ओबेरॉनच्या खोटेपणावर निकाल देण्याचा अधिकार ज्या समाजाला आहे असा समाज या लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना सहजी आढळत नाही.

भुसावळ सोडून गाडी पश्चिमेला वळली की केळीच्या बागा आणि कपाशीची काळी शेते लागतात, आणि जळगाव येण्याआधी असोदे गावाचा परिसर येतो. बहिणाबाई चौधरी यांचे (१८८०-१९५१) हे माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या रचत गेल्या आणि घरातल्या माणसांनी ते टिपून ठेवले. त्यांच्या निधनानंतर पुत्र सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्रे यांना दाखवले आणि १९५२ साली त्या कविता पुस्तकरूपाने आल्या, तोवर महाराष्ट्राला त्या बाईचा पत्ता नव्हता. एका स्त्रीचे सारे अंतरंग जगापुढे आले ते तिच्या मृत्यूनंतर, आणि त्यात झाकण्यासारखे काहीच निघाले नाही. तिच्याच काळातल्या दुसरीचा चेहरा जगभरच्या पडद्यांवर होता, आणि मृत्यूनंतर उघडे पडले ते तिचे जन्मगाव. या दोन आयुष्यांत प्रतिभेचे अंतर शोधण्यापेक्षा सुरक्षिततेचे अंतर शोधणे अधिक न्याय्य ठरेल. बहिणाबाईंना दुःख होते, दारिद्र्य होते, वैधव्य होते. परंतु आपण कोण हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नव्हते.

चाळीसगावला स्थानकाच्या अगदी जवळ, गाड्यांचा आवाज ऐकू यावा इतक्या अंतरावर, कलामहर्षी केकी मूस यांचा बंगला आहे. १९१२ साली मुंबईत जन्मलेल्या या पारशी कलावंताने इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेतले आणि मुंबईच्या संधींकडे पाठ फिरवून या छोट्या गावात स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षे कोंडून घेतले. ‘टेबल-टॉप’ छायाचित्रण हा त्यांचा विशेष. म्हणजे टेबलावर काड्या, कापूस, वाळू, काचेचे तुकडे अशा क्षुल्लक वस्तू मांडून, प्रकाश नेमका सोडून, छायाचित्रात बर्फाळ प्रदेश किंवा समुद्रकिनारा भासवणे. घराला त्यांनी ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ हे नाव दिले होते. मुंबईहून येणाऱ्या प्रेयसीने गाडीने येऊन सोबत जेवण्याचे वचन दिले होते आणि म्हणून ते रोज रात्री ती गाडी येण्याच्या वेळी फुले आणि जेवण सजवून ठेवत, अशी कथा चाळीसगावात सर्वांच्या तोंडी आहे. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते वारले आणि आता त्यांचा बंगला संग्रहालय म्हणून पाहता येतो. गावकरी ती कथा सांगताना आवाज खाली आणतात, कुतूहलापेक्षा मान राखून बोलतात. त्या बाईचे नाव काय, ती का आली नाही, याचा पिच्छा पुरवत नाहीत. खासगी आयुष्याला गाव कसे जपू शकते याचा हा नमुना आहे. मूस यांचा पडदा त्यांनी स्वतः निवडला होता; मर्लच्या वाट्याला आलेला पडदा तिने निवडण्याआधीच ओढला गेला होता, आणि ती गोष्ट पुढे भायखळ्याशी येते.

टेबल-टॉप छायाचित्रांपुढे उभे राहिले की प्रकाशाने काय काय लपवता येते याचा विचार टाळता येत नाही. मर्लचा चेहरा १९३७ साली लंडनमध्ये मोटार अपघातात जखमी झाला आणि पुढे तिचे दुसरे पती झालेल्या छायाचित्रणकार ल्यूसियन बॅलर्ड यांनी ते व्रण दिसू नयेत म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगालगत बसवायचा एक छोटा दिवा तयार केला. समोरून सरळ पडणाऱ्या त्या उजेडात सावल्या नाहीशा होतात आणि चेहरा एकसारखा उजळ दिसतो. चित्रपटसृष्टीत तो दिवा आजही तिच्याच नावावरून ‘ओबी’ म्हणून ओळखला जातो. व्रणांसाठी केलेल्या या युक्तीने रंगाचेही काम साधले. शिवाय त्वचा उजळवणाऱ्या द्रव्यांचे उपचार ती घेत असे आणि त्यांनी तिच्या त्वचेची हानी झाली, असे तिच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे.

मनमाडला गाडीत शीख यात्रेकरू चढतात आणि उतरतात, निफाड-लासलगावकडचा कांदा नाकाला आधी कळतो, नाशिकला द्राक्षांच्या पेट्या येतात. या भागावर लिहिण्यासारखे पुष्कळ असले तरी प्रस्तुत विषयाला तेथे थांबण्याचे कारण नाही. देवळालीला मात्र आहे. ब्रिटिश लष्कराची ही छावणी, विलायतेहून आलेले आणि परत जाण्याची वाट पाहणारे सैनिक जेथे ठेवले जात. आणि येथेच १९२५ साली बार्न्स स्कूल सुरू झाले. त्याचे मूळ मुंबईत आहे: आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी १८१५ साली स्थापलेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या भायखळ्यातील शाळांमध्ये गरीब युरोपीय आणि मिश्र वंशाच्या मुलांना शिकवले जाई, आणि त्याच संस्थेने शहराच्या गर्दीतून मुलांना देवळालीच्या मोकळ्या हवेत आणले. सैनिक किंवा रेल्वे कर्मचारी बाप, हिंदी किंवा मिश्र आई, आणि बाप मेला वा निघून गेला की उघड्यावर येणारी मुले, हा त्या काळचा एक मोठा सामाजिक प्रश्न होता. मर्ल अशाच मुलांपैकी होती. आर्थर थॉम्पसन पहिल्या महायुद्धात सैन्यात गेले आणि पश्चिम आघाडीवर सोमच्या लढाईच्या काळात न्यूमोनियाने वारले. शार्लट आणि मुलीने मुंबईत हलाखीत दिवस काढले आणि मग कलकत्त्याची वाट धरली. तेथे ला मार्टिनिएर या नामांकित शाळेत शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला, परंतु मिश्र वंशावरून मुलींनी इतके छळले की तिने शाळा सोडली.

इगतपुरीपाशी सह्याद्रीची धार येते. गाडी येथे थांबते. फलाटावर वडे विकणाऱ्यांची एकच धावपळ होते आणि धुक्यात डोंगरांचे माथे तेवढे दिसतात. चढणीला ३७ फुटांमागे एक फूट असा हा घाट, वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याहून मागून जोर लावणारी जादा इंजिने जोडतात, त्यांना रेल्वेच्या बोलीत ‘बँकर’ म्हणतात. इगतपुरीलाही भुसावळसारखीच जुनी रेल्वे वसाहत आहे, घाटाच्या इंजिनांसाठी वसलेली. घाट उतरताना बोगद्यांमागून बोगदे जातात, खानदेशाची कोरडी थंडी मागे राहते आणि कसाऱ्यापासून हवेत कोकणाचा दमटपणा येतो. माणसांची बोलण्याची रीतही येथून बदलते. भुसावळच्या डब्यात अनोळखी माणूस पहिल्या पाच मिनिटांत गाव, कूळ आणि लेकरे विचारतो, कल्याणच्या पुढे तोच प्रश्न आगाऊपणाचा वाटू लागतो.

‘तुमचे गाव कोणते’ हा प्रश्न मर्लला अमेरिकेत सोसणारा नव्हता, आणि त्याचे कारण केवळ प्रतिष्ठेचे नव्हते. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले होते. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या शीख सैनिकाच्या खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वास पात्र नाही, असा निकाल दिला; हे दार थोडेसे उघडायला १९४६ साल उजाडावे लागले. त्यातच १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या ‘हेज कोड’ने, म्हणजे अमेरिकी चित्रपटांच्या नीतिनियमावलीने, गोऱ्या आणि काळ्या वंशांतील शरीरसंबंध वा विवाह पडद्यावर दाखवण्यास बंदी घातली होती, आणि तिच्या छायेत आशियाई स्त्रीने गोऱ्या नायकाची नायिका होणे जवळपास अशक्य होते. अशा वेळी अलेक्झांडर कोर्डा यांच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मध्ये ॲन बोलिन होऊन डोळ्यांत भरलेल्या मुलीला जन्मगाव नवे हवे होते. टास्मानिया निवडले गेले कारण ते लांब होते, ब्रिटिश होते आणि खातरजमा करायला कोणी जाण्याची शक्यता कमी होती. वरच्या वर्गातील वडील शिकारीतल्या अपघातात गेले आणि म्हणून मुलगी हिंदुस्थानात नातलगांकडे वाढली, अशी कहाणी रचली गेली. कोर्डा स्वतः हंगेरीतील ज्यू, मूळ नाव शांडोर केल्नर; नाव बदलून जगणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. १९३९ साली दोघांनी लग्न केले आणि १९४२ साली त्यांना सर हा किताब मिळाल्यावर मुंबईची क्वीनी लेडी कोर्डा झाली.

या कहाणीची किंमत शार्लटने मोजली. सावळी, सिंहलद्वीपातून आलेली ही बाई मुलीसोबत लंडनला राहिली आणि पाहुण्यांसमोर तिची ओळख घरातली मोलकरीण अशी करून दिली जाई. १९३७ साली ती वारली. १९४९ साली मर्लने आईच्या एका जुन्या छायाचित्रावरून तैलचित्र काढवून घेतले आणि चित्रकाराला रंग उजळ करायला सांगितले. ते चित्र तिच्या घरांच्या भिंतींवर तिच्या अखेरीपर्यंत राहिले. या एका चित्राकडे दोन रीतींनी पाहता येते. त्यात आईचा नकार दिसतो, हे खरेच आहे. परंतु जी बाई जिवंतपणी मागच्या दाराने वावरली तिला मृत्यूनंतर का होईना दिवाणखान्यात, सोनेरी चौकटीत, आई म्हणून बसवण्याची हीच एक वाट त्या मुलीला उपलब्ध होती, हेही तितकेच खरे आहे. भुसावळच्या बंगल्यांमागे तोडून ठेवलेल्या त्या स्वयंपाकघरांचे स्मरण या चित्रापाशी होते.

कल्याणनंतर लोकलच्या जाळ्यात शिरलेली गाडी परळ ओलांडून भायखळ्याशी येते, तेव्हा आणखी एका स्त्रीची आठवण अपरिहार्य ठरते. १९०७ साली पुण्यात जन्मलेल्या, बगदादी ज्यू कुळातील रूबी मायर्स मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीने त्यांना पडद्यावर आणले आणि ‘सुलोचना’ या नावाने त्या मूकपटांच्या काळातील सर्वांत लोकप्रिय तारका झाल्या. ‘टेलिफोन गर्ल’ आणि ‘टायपिस्ट गर्ल’ हे त्यांचे १९२६ चे चित्रपट. रिनी स्मिथ यांची सीतादेवी झाली, एफी हिपोलेट यांची इंदिरादेवी झाली. कुलीन हिंदू घरांतून मुली चित्रपटात येत नव्हत्या त्या काळी अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी हिंदू नावे घेऊन भारतीय नायिका उभ्या केल्या, आणि त्यांच्यापैकीच एकीने पश्चिमेला जाऊन नेमके उलटे केले. मुंबईने मात्र रूबी मायर्स कोण हे कधी लपवले नाही. नाव बदलले तरी घराणे सर्वांना माहीत होते, आणि १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

भायखळा आणि माझगाव हे मुंबईतील अँग्लो-इंडियन वस्तीचे जुने पट्टे. ख्राइस्ट चर्चची घंटा, शेजारची शाळा, रेल्वेची क्वार्टर्स, इराण्याच्या हॉटेलातला ब्रून-मस्का आणि बशीत ओतून प्यायचा चहा, या सगळ्यांवरून आता उड्डाणपुलाची सावली पडते. भुसावळमध्ये वर्णाची उतरंड मैदानावर पसरलेली दिसते. येथे तीच चाळींच्या आणि इमारतींच्या मजल्यांत कोंबलेली होती, भिंतीला भिंत लागून, आणि म्हणून लपवणेही अधिक कठीण होते. मर्लचा जन्मदाखला याच शहराच्या दप्तरात होता. कॉन्स्टन्स या शार्लटच्या मुलीच्या एका मुलाने पुढे तो शोधून काढला, तेव्हा त्यात आईच्या जागी शार्लटचे नाव नव्हते, कॉन्स्टन्सचेच होते. जिला मर्लची थोरली बहीण म्हणून वाढवले गेले ती तिची जन्मदात्री होती, आणि बाळंतपणाच्या वेळी ती स्वतः बारा-चौदा वर्षांची पोर होती. पित्याच्या जागी थॉम्पसन यांचे नाव होते. त्या पोरीवर काय गुदरले असेल हे सांगायला दाखला असमर्थ आहे, परंतु अब्रू झाकण्यासाठी शार्लटने नातीला लेक केले, एवढे त्यातून निःसंशय कळते. म्हणजे पहिले असत्य मर्लने रचलेले नव्हतेच. ते तिच्या पाळण्यातच ठेवलेले होते. दाखला शोधणारा तो सावत्र भाऊ तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला, परंतु तिने भेट नाकारली.

अपोलो बंदरावर, जेथे २ डिसेंबर १९११ रोजी राजा पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी उतरले, तेथे हा प्रवास समुद्राला टेकतो. त्या राणीवरून मुंबईतल्या साडेनऊ महिन्यांच्या एका मुलीला क्वीनी हे नाव पडले होते. १९७८ साली टास्मानियातल्या होबार्ट शहराने आपल्या लाडक्या लेकीचा नागरी सत्कार ठरवला, तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या मर्लने तेथे आल्यावर आपला जन्म टास्मानियात झाल्याचे नाकारले, परंतु मुंबईचे नाव तरीही घेतले नाही, आणि प्रकृतीचे कारण सांगून ती समारंभातून निघून गेली. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियात तिचे निधन झाले. १९८३ च्या चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांच्या चरित्राने मुंबईचा जन्म उघड केला, २००२ च्या मारी डेलोफ्स्की यांच्या माहितीपटाने कॉन्स्टन्सची बाजू समोर आणली आणि २०२५ साली मयूख सेन यांनी तिला दक्षिण आशियाई वंशाची पहिली हॉलिवूड तारका म्हणून सन्मानाने पुन्हा लिहिले.

हे सारे काम बाहेरच्या अभ्यासकांनी केले. ज्या लोहमार्गावर तो समाज जगला त्या मार्गावरच्या मराठी माणसांनी त्याच्याकडे फारसे पाहिलेले नाही. संविधानाच्या ३३६ व्या अनुच्छेदाने रेल्वे, सीमाशुल्क आणि टपाल-तार खात्यांत या समाजाला दिलेले तात्पुरते संरक्षण दहा वर्षांत संपले, लोकसभेतील नामनियुक्त जागा २०२० साली बंद झाल्या, आणि भुसावळ, इगतपुरी, भायखळ्यातील बहुतेक कुटुंबे इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली. राहिली आहेत ती चर्चमधली बाप्तिस्मा आणि विवाहांची नोंदपुस्तके, कबरींवरची गार्ड-ड्रायव्हरांची नावे, काही घरांतले फोटोंचे अल्बम आणि ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या बंगल्यांत काम केले अशा खानदेशी घरांतल्या आठवणी. भुसावळ आणि जळगावच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ही नोंदपुस्तके उतरवून घेण्याचे, या आठवणी मराठीत टिपून ठेवण्याचे काम हाती घ्यावे, आणि ते करताना बंगल्यामागच्या खोल्यांतल्या बायकांची नावे आधी लिहावीत.